सोलापुरात जुनी ऑक्टाविया घेताना: स्कॅनर, कागद आणि भाड्याचा हिशेब

पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटर. युरोपियन सेडान घेऊ पाहणाऱ्या सोलापूरकराने वहीत आधी हा आकडा लिहावा, किंमत त्याच्या खाली. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडीचं मोठं काम निघालं की पुणं गाठावं लागतं. स्कोडा-फोक्सवॅगनचं ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड गावात होऊन जातं, पण गिअरबॉक्सचा मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग) उघडायचा म्हटलं की तीही गाडी ट्रेलरवर चढते. त्यामुळे गाडी कुठली घ्यायची हा प्रश्न इथे फिरून एकाच ठिकाणी येतो: यातला गिअरबॉक्स कुठला, आणि तो बिघडला तर कोण उघडणार?

आम्ही काही मालक एकत्र बसून हा शोध घेत होतो. फेब्रुवारीत सुरुवात केली, मे अखेरीस गाडी नावावर झाली. समोर चार वाटा होत्या: नवी स्कोडा स्लाविया किंवा फोक्सवॅगन व्हर्टस, जुनी स्कोडा ऑक्टाविया, सात-आठ वर्षांची मर्सिडीज सी-क्लास किंवा बीएमडब्ल्यू थ्री सीरिज, आणि भाडेकराराची गाडी. शेवटी २०१८ ची ऑक्टाविया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) घेतली. एकच मालक, ६२,००० किमी, नंबर एमएच-१२.

जर्मन गाड्या पहिल्याच फेरीत मागे पडल्या, त्या टायरमुळे. थ्री सीरिजमध्ये रनफ्लॅट टायर असतात, स्टेपनी नसते. हवा गेल्यावर ताशी ८० च्या आत साधारण ८० किमी जाता येतं, एवढं कंपनी सांगते. पण टायरची कड फाटली तर रात्री मोहोळ-टेंभुर्णीच्या मध्ये त्या मापाचा रनफ्लॅट कोण देणार? शिवाय बॅटरी बदलली तरी बीएमडब्ल्यूत ती स्कॅनरने गाडीला 'ओळखीची' करून द्यावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच चालू राहतं. ज्यांचं पुण्याला दर आठवड्याला जाणं आहे त्यांनी जरूर घ्यावी. बाकीच्यांनी नीट विचार करावा.

ऑक्टावियाची तिसरी पिढी भारतात २०१३ साली आली, २०१७ ला चेहरा बदलला. चौथी पिढी २०२१ ला आली आणि एप्रिल २०२३ मध्ये बीएस-६ या प्रदूषण नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला तेव्हा बंद झाली. तिसऱ्या पिढीत चार गोष्टी मिळतात आणि त्या एकसारख्या नाहीत. १.४ टीएसआय, आधी १४० आणि चेहरा बदलल्यावर १५० पीएस (अश्वशक्ती), सहा गिअरची मॅन्युअल. १.८ टीएसआय, १८० पीएस, सात गिअरची कोरड्या क्लचची डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक), म्हणजे डीक्यू२००. २.० टीडीआय डिझेल, १४३ पीएस, मॅन्युअल किंवा सहा गिअरची ओल्या क्लचची डीक्यू२५०. आणि आरएस ही स्पोर्ट्स आवृत्ती, २३० पीएस, तीही ओल्या क्लचची. सोलापूरसाठी आमचं प्रामाणिक मत असं की १.४ मॅन्युअल चांगल्या स्थितीत मिळाली तर डोळे झाकून घ्यावी. साधा क्लच गावातला कुठलाही चांगला फिटर बदलतो. अडचण एवढीच की ती विकायला फार कमी येते.

डीक्यू२०० समजून घेतल्याशिवाय १.८ घेऊ नये. हा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंतच बनवलेला आहे. हेच १.८ इंजिन स्कोडाच्या मॅन्युअल सुपर्बमध्ये ३२० देतं. आपल्याकडे कोरड्या क्लचला झेपावं म्हणून २५० वर बांधून ठेवलेलं आहे. दोन क्लच असतात: एकावर १, ३, ५, ७, दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. थंडावा द्यायला तेल नाही, म्हणून सात रस्ता चौकातल्या गर्दीत गाडी ब्रेक-सोड-ब्रेक करत सरकवली की क्लच तापतो आणि चकत्या झिजतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर येते ती याचीच. दुसरा आजार मेकाट्रॉनिकचा. गिअर हलवणारा हायड्रॉलिक दाब धरून ठेवण्यासाठी त्यात अॅक्युम्युलेटर असतो, त्याच्या बैठकीला तडा गेला की दाब टिकत नाही. पंप सारखा चालू राहतो, डिस्प्लेवर गिअरचं अक्षर लुकलुकतं, कधी रिव्हर्स पडत नाही. स्कॅनरवर पी१७बीएफ हा कोड दिसला तर दुखणं हेच. क्लचचा खर्च हजारांत मोजता येतो. मेकाट्रॉनिक पूर्ण बदलायचा तर लाखांची भाषा सुरू होते. म्हणून गाडीच्या किमतीच्या वीस टक्के रक्कम बाजूला ठेवूनच सौदा करावा. दहा लाखांची गाडी म्हणजे दोन लाख बँकेत. ते नसतील तर आठ लाखांची गाडी बघावी.

गाडी बघायला जाताना मालकाला आदल्या रात्रीच सांगावं की सकाळी सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवावा. कोमट लागलं तर थांबावं, दोन तासांनी पुन्हा यावं. १.८ ला टायमिंग चेन आहे. थंड इंजिन सुरू होताना क्षणभर खळखळ झाली आणि लगेच थांबली तर ठीक, दोन-तीन सेकंद रेंगाळली तर चेन-टेन्शनरचं काम धरून चालावं. मग डी मध्ये टाकून ब्रेक हळूच सोडायचा, अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. सपाटीवर गाडी पाण्यासारखी सरकली पाहिजे. हेच पुलाच्या चढावर करायचं, मग रिव्हर्समध्ये चढावर. यानंतर अर्धा तास मुद्दाम गर्दीत फिरवायची, तीही दुपारी, एसी लावून. थंड गिअरबॉक्स खोटं बोलतो. थरथर तापल्यावरच बाहेर येते. एसीची परीक्षाही त्याच वेळी होऊन जाते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, तिथे कंडेन्सरची बारीक गळती लपत नाही.

मग स्कॅनर. गावातल्या गॅरेजमधला साधा स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतो, गिअरबॉक्सपर्यंत पोचत नाही. त्यासाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हे फोक्सवॅगन गटाच्या गाड्या खोलवर वाचणारे स्कॅनर लागतात. त्यात सगळे कंट्रोल युनिट एकामागून एक वाचायचे. क्लचची झीज आणि तापमान दिसतं, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे किलोमीटर. मीटर मागे फिरवणारा माणूस बहुतेक वेळा डॅशबोर्डचाच आकडा बदलतो. पण कुठल्या युनिटमध्ये एखादा जुना दोष नोंदलेला असेल तर तो किती किलोमीटरला आला हे त्याच्याजवळ लिहिलेलं असतं. आम्ही बघितलेल्या दुसऱ्या गाडीच्या मीटरवर ५४,००० होते आणि एअरबॅग युनिटमधला दोष ८८,००० ला नोंदलेला. तिथेच उठलो. विकणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र सोबत असावं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरतो. २०० च्या वर गेला तर तो पत्रा पुन्हा रंगवलेला आहे, ५०० च्या वर गेला तर खाली पुट्टी आहे. बंपरवर हे यंत्र चालत नाही, ते प्लास्टिक. दाराचा रंग बदललेला चालतो. छत आणि मागच्या-पुढच्या खांबांवर आकडा वाढला तर गाडी सोडावी. पुरात उभी राहिलेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. आत गढूळ पाण्याची रेघ राहिलेली असते. सीटच्या खालच्या रुळांवर गंज आणि स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, या आणखी दोन खुणा. सनरूफ असेल तर पुढच्या पायपुसण्याखाली हात घालून बघावं. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आपल्या धुळीने तुंबतात आणि पाणी गालिच्यात उतरतं.

इंजिनवर एक जागा हमखास बघायची: इनटेकच्या खाली असलेलं वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर. ते वाळतं, तडकतं आणि कूलंट झिरपतं. गुलाबी-जांभळट पापुद्रा दिसला की समजावं. कोणी त्यात हिरवं कूलंट किंवा बोअरचं पाणी ओतलंय का, हेही टाकीत डोकावून बघावं. आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, आणि दोन जातींचं कूलंट मिसळलं की आत चिखल होतो. टायरवर चार आकडी तारीख असते: ३४१९ म्हणजे २०१९ चा चौतिसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचेच. त्या चार टायरांचे पैसे सौद्यातच कापून घ्यावेत.

व्यवहाराच्या कागदांना आम्हाला गाडी शोधण्याइतकाच वेळ लागला, त्यामुळे हे जरा सविस्तर. विसार बँकेतूनच द्यावा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं कायद्यात बसत नाही. विसार पावतीत चासी नंबर, इंजिन नंबर, 'दंडाची चलने विकणाऱ्याने भरायची' आणि 'बोजा उतरल्याशिवाय बाकी रक्कम नाही' ही वाक्यं हवीत. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ दोन प्रतींत. ही एनओसी सहसा तीन महिनेच चालते. कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलं आणि एनओसी तेव्हापासून कपाटात पडून आहे, असे मालक पुष्कळ भेटतात. त्यांना नवीन पत्र आणायला लावावं आणि ते हातात येईपर्यंत थांबावं.

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी, दोघांचे आधार आणि पॅन. अर्ज सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर भरायचा. इथे बहुतेकांचं घोडं अडतं ते ओटीपीवर. विकणाऱ्याचा मोबाइल नंबर वाहनच्या नोंदीत जुना असतो किंवा शोरूमवाल्याने स्वतःचा टाकलेला असतो. पैसे देण्याआधी तो नंबर बदलून घ्यायचा. पैसे दिल्यानंतर विकणारा फोन उचलेलच असं नाही. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर नंबर बदलत नाही, एमएच-१२ तोच राहतो आणि रोड टॅक्सही पुन्हा भरावा लागत नाही.

हैदराबादच्या गाडीचं तसं नाही. तीनशे किलोमीटरवरचं हे शहर सोलापूरकरांना जवळचं, गाड्याही नीट ठेवलेल्या आणि स्वस्त दिसतात. पण परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर पुन्हा नोंदणी लागते. तिथली फॉर्म २८ ची एनओसी, इथला वयानुसार रोड टॅक्स, नवा एमएच-१३ नंबर आणि तिकडच्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज.  हा सगळा खर्च मांडून मगच तिची किंमत पुण्याच्या गाडीशी ताडून बघावी.

विम्याबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की सांगावाच लागतो. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. ५० टक्के सवलतीची पॉलिसी गाडीसोबत आपल्याला मिळत नाही. विकणारा ती आपल्या पुढच्या गाडीला नेतो आणि उरलेल्या काळाचा फरक आपण भरतो. चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज गेला पाहिजे. थर्ड पार्टी आपोआप पुढे चालते, आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाही. आम्ही झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई) दोन्ही घेतले. कमी उंचीची गाडी आणि पावसाळ्यात पाणी साचणारे बोगदे, दोन्ही असताना इंजिन प्रोटेक्ट सोडू नये.

आता भाडेकरार, कारण हा पर्याय कारखानदार आणि डॉक्टर मंडळींना हल्ली फार सुचवला जातो. पहिला प्रश्न विचारायचा तो नोंदणी कोणाच्या नावावर. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के रोड टॅक्स आहे; कंपनीच्या नावावर सरळ २० टक्के. समजा १८ लाखांची व्हर्टस. आपल्या नावावर २,१६,००० आणि भाडेकंपनीच्या नावावर ३,६०,०००. फरक १,४४,०००. चार वर्षांच्या करारात तो महिना ३,००० होऊन आपल्याच भाड्यात बसतो, व्याज वेगळं.

दुसरा प्रश्न जीएसटीचा. गाडीवर जो दर, तोच भाड्यावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब गाड्यांना ४० टक्के. भाडेकंपनीला खरेदीवरच्या जीएसटीची वजावट मिळते म्हणून मूळ भाडं कमी दिसतं, पण ३०,००० च्या भाड्यावर १२,००० जीएसटी चढतो आणि प्रवासी गाडीच्या भाड्यावरचा हा जीएसटी आपल्या धंद्याला वजा करून मिळत नाही. भाड्याची जाहिरात करताना '+ जीएसटी' बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तिथे बोट ठेवून एकूण रक्कम विचारावी.

भाड्याच्या बाजूनेही बोलायला हवं. धंद्यासाठी वापरलेल्या गाडीचं भाडं पूर्ण खर्चात धरता येतं. स्वतःच्या गाडीवर १५ टक्के घसारा मिळतो, तोही उतरत्या रकमेवर: २० लाखांच्या गाडीला पहिल्या वर्षी ३ लाख, दुसऱ्या वर्षी २,५५,०००, तिसऱ्या वर्षी २,१६,७५०. तीन वर्षांत ७,७१,७५०. आयकराच्या वरच्या टप्प्यात असणाऱ्याला भाडं यामुळे परवडू शकतं. पण मग किलोमीटर येतात. करारात वर्षाला १५,००० किंवा २०,००० ची मर्यादा असते. दर आठवड्याला पुण्याला जाऊन येणाऱ्याचे पाचशेप्रमाणे पन्नास आठवड्यांत २५,००० एवढ्यानेच होतात, गावातलं फिरणं वेगळं. वरच्या प्रत्येक किलोमीटरला पैसे. सर्व्हिसिंगच्या काळात बदली गाडी मिळणार असं लिहिलेलं असतं, पण कुठल्या शहरात हे वाचावं. आमच्यापुढे आलेल्या मसुद्यात सोलापूर नव्हतं. धंदा नाही, नोकरी पुण्याच्या कंपनीत आणि भाडं पगारातून कापलं जाणार, अशा माणसाला हा मार्ग बरा. इतरांसाठी कर्ज सोपं: १२ लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षे, हप्ता २५,२०० च्या आसपास, आणि सहाव्या वर्षी गाडी आपली.

गाडी हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात आम्ही जुनं सगळं काढलं. विकणारा 'आत्ताच सर्व्हिसिंग केलंय' म्हणाला होता तरी. व्हीडब्ल्यू ५०२ ०० मान्यतेचं ५डब्ल्यू-४० ऑइल, सव्वापाच लिटरच्या घरात, ऑइल, एअर आणि एसीचा फिल्टर, ६०,००० ओलांडले होते म्हणून चारही स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल. कंपनी ऑइलला १५,००० किमी देते, पण आपल्या धुळीत आणि उन्हात दहाला बदलावं. पार्ट कधीही मॉडेलच्या नावावर मागवू नये, चासी नंबरवर मागवावा. एकाच वर्षाच्या दोन ऑक्टावियांत ब्रेक डिस्कचं माप वेगळं निघू शकतं. ओल्या क्लचची डीएसजी असेल तर दर ६०,००० ला तिचं तेल आणि फिल्टर. कोरडीला तसा कार्यक्रम नाही, म्हणून तिची काळजी चालवण्यातूनच घ्यावी लागते. गर्दीत पुढच्या गाडीला चिकटून न सरकता थोडी जागा होऊ द्यायची आणि मग एकदाच निघायचं. चढावर अॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवायची नाही, ब्रेक दाबायचा. आणि बंद पडलीच तर चाकांवर ओढत आणायची नाही. न्यूट्रलमध्ये ताशी ५० च्या आत, जास्तीत जास्त ५० किमी, ही कंपनीची मर्यादा. टेंभुर्णीहून सोलापूर त्याहून लांब आहे, तेव्हा फ्लॅटबेडच बोलवायचा.

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचा विषय आपल्या जिल्ह्याला परका नाही. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने इथेच, आणि इथेनॉलही त्यांतूनच येतं. एप्रिल २०२३ आधीच्या गाड्या २० टक्के इथेनॉल समोर ठेवून बनलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणात सहा-सात टक्के घट धरावी. टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवू नये, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रबरी पाइप आणि ओ-रिंग दर सर्व्हिसिंगला बघून घ्याव्यात.

पुढे काय, याचं उत्तर गाडीगणिक वेगळं आहे. स्लाविया आणि व्हर्टस २०२२ ला इथल्याच रस्त्यांसाठी आखून आल्या. स्लावियाचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी, त्यामुळे गल्लीतल्या घरगुती गतिरोधकाला पोट घासत नाही. सुटे भाग बहुतांश देशातच बनतात. नवी घ्यायची असेल तर १.० मॅन्युअल किंवा १.५ डीएसजी; दुसरीत पुन्हा तीच डीक्यू२००, म्हणून वाढीव वॉरंटी पहिल्याच दिवशी घ्यावी. मोठी सेडान मात्र हातातून निसटते आहे. सुपर्ब २०२४ मध्ये परतली ती पूर्ण आयात होऊन, ५४ लाखांना, शंभरच गाड्या. इलेक्ट्रिक सेडानमध्ये बीएमडब्ल्यू आय-फोर आहे, सुमारे ८४ युनिटची बॅटरी, घरी ७.४ किलोवॅटच्या चार्जरवर ती रिकामीपासून भरायला अकरा-बारा तास घेते. यंत्रमागवाल्यांकडे थ्री फेज आधीच असते, त्यांना ११ किलोवॅटचा चार्जर बसवणं सोपं. पुण्याची एका दिवसाची परतफेरी, मे महिना, एसी चालू, वेग शंभरच्या वर असं धरलं तर एकदा वाटेत चार्ज करायची तयारी ठेवूनच निघावं.

तिसऱ्या पिढीच्या ऑक्टावियाचे आयात होणारे भाग सध्या मागवल्यावर येतात. आम्ही थर्मोस्टॅट-पंपाचं घर आणि क्लचचा संच चासी नंबर देऊन आत्ताच मागवून ठेवला आहे. खोकी गॅरेजच्या माळ्यावर आहेत. गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०३३ ला संपेल आणि तेव्हा फेरनोंदणी करायची, असं धरूनच हा साठा ठरवला.